इगतपुरीची तार आणि झुरिकचा धडा

१/१३
मुंबईहून नाशिककडे येणारी गाडी इगतपुरीला थांबली की एके काळी तिचे इंजिन बदलले जाई. घाट चढून आलेले इंजिन १,५०० व्होल्ट डीसी विजेवर चालणारे होते. पुढे नाशिक, मनमाड, भुसावळकडे जाणाऱ्या तारेत मात्र २५,००० व्होल्टची एसी वीज होती. आज ही सीमा पुसली गेली आहे. ती पुसली जात असताना रेल्वेच्या विजेपुढे एक नवा, डोळ्यांना न दिसणारा प्रश्न उभा राहिला. हा थ्रेड त्या प्रश्नाच्या इतिहासाविषयी.

२/१३
प्रथम पार्श्वभूमी. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. त्याची चढण ३७ फुटांना १ फूट इतकी तीव्र आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही भारतातील पहिली विद्युत गाडी धावली आणि १९३०च्या सुमारास डीसी तार घाट चढून इगतपुरीपर्यंत पोहोचली. मालगाड्या ओढण्यासाठी जी इंजिने आली, त्यांतील काही स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथे बांधलेली होती. त्यांच्या सांधेदार देहामुळे आणि चालीमुळे लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणत.

३/१३
खेकड्याचे विद्युतशास्त्र सरळ होते. तारेतून वीज घ्यायची, रोधकांनी ती आवरायची, मोटारीला द्यायची. उतारावर तेच इंजिन मोटारींचे जनित्र करून वीज तारेत परत पाठवू शके. इंजिन आणि तार यांच्यातील देवाणघेवाण तेव्हाही दुहेरी होती. पण ती संथ होती. एका सेकंदात शेकडो वेळा वीज जोडणारी-तोडणारी यंत्रणा त्यात नव्हती.

४/१३
१९६०च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरीच्या पूर्वेला २५,००० व्होल्टची एसी तार आली. या तारेखालची इंजिने विजेचे एकदिशीकरण करून मोटारी चालवत. त्यामुळे ५० हर्ट्झच्या मूळ लाटेवर १५०, २५०, ३५० हर्ट्झच्या छोट्या लाटा स्वार होऊ लागल्या. यांना हार्मोनिक्स म्हणतात. टेलिफोनच्या तारांत गुणगुण ऐकू येणे हा त्यांचा परिचित उपद्रव. खरा धोका मात्र पुढे होता, आणि त्याचे नाव अनुस्पंदन, म्हणजेच रेझोनन्स.

५/१३
झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलका धक्का दिला तरी तो उंच जातो. भलत्या लयीत जोर लावला तरी जागचा फारसा हलत नाही. विजेच्या मंडलालाही अशी स्वतःची लय असते. ती ठरते प्रवर्तकता आणि धारकता या दोन गुणांवरून. कित्येक किलोमीटर लांबीची रेल्वेची तार हेही असेच एक मंडल आहे. तिची लय साधारणपणे काही शे ते काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. तार लांबली की लय खाली येते. उपकेंद्र बदलले की तीही बदलते.

६/१३
ही लय शोधायची कशी? पूर्ण दाब लावून पाहावे, तर उत्तर मिळेपर्यंत यंत्र जळून जाईल. म्हणून अभियंत्यांनी उलट वाट धरली. मुख्य वीज बंद करावी. एका छोट्या सिग्नल जनरेटरने मंडलात केवळ काही व्होल्टची लाट सोडावी. तिची वारंवारता हळूहळू वाढवत न्यावी आणि ऑसिलोस्कोपवर पाहत राहावे. एखाद्या वारंवारतेला पडद्यावरची लाट एकाएकी फुगते. तीच मंडलाची लय. वैद्य बोटाने छाती ठोकून आतला आवाज ऐकतो, तसाच हा प्रकार.

७/१३
हे साधन स्वस्त आणि विश्वासार्ह झाले त्याला एक दिव्याचा बल्ब कारणीभूत आहे. विल्यम ह्यूलेट याने १९३९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रबंधासाठी एक दोलक बनवला. लाट मोठी होऊ लागली की बल्बची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि लाट आपोआप आवरली जाते. एवढ्या साध्या युक्तीने शुद्ध, स्थिर लाट मिळाली. ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांच्या कंपनीचे हे पहिले उत्पादन. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने ‘फँटेझिया’ चित्रपटाच्या ध्वनियोजनेसाठी त्याची सुधारित आठ यंत्रे विकत घेतली होती.

८/१३
पुढील काळात हे यंत्र ट्रान्झिस्टरमुळे लहान होत हातात मावेल इतके झाले आणि वीज-अभियंत्याच्या पिशवीत गेले. १९७८ साली कॅनडातील डिक आणि अर्व्हन यांनी याच तत्त्वावर ट्रान्सफॉर्मर तपासण्याची पद्धत मांडली. आतील वेटोळे किंचितही सरकले तर त्याच्या लयी बदलतात. टाकी न उघडता, केवळ त्या लयींचा आलेख जुन्या आलेखाशी ताडून बिघाड ओळखता येतो. आज ही तपासणी जगभर केली जाते.

९/१३
पण मुख्य वीज बंद असताना घेतलेल्या चाचणीला एक मर्यादा आहे, आणि ती १९९५ साली झुरिक परिसरात प्रकर्षाने उघड झाली. तेथील रेल्वेवर नव्या पिढीची इंजिने धावत होती. त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक परिवर्तक होते, म्हणजे विजेचे रूप शेकडो वेळा तोडून-जोडून बदलणारी यंत्रणा. एकेकटे इंजिन सर्व कसोट्यांना उतरले होते. तरी एके दिवशी तारेतील आंदोलने वाढत गेली आणि संरक्षक यंत्रणेने अनेक इंजिने एकामागून एक बंद पाडली.

१०/१३
दोष कोणाचा? तार निर्दोष होती, इंजिनेही निर्दोष होती. दोष होता त्यांच्या संबंधात. साध्या मंडलात आंदोलने रोधामुळे विरत जातात. परिवर्तकाची नियंत्रणप्रणाली मात्र काही वारंवारतांना उलट वागू शकते: आंदोलन शोषण्याऐवजी ती त्याला ऊर्जा पुरवते. अशी अनेक इंजिने एकाच तारेखाली आली आणि तारेची लय त्याच पट्ट्यात पडली, की झोपाळ्याला प्रत्येक फेरीला धक्का देणारे अनेक हात तयार होतात. बंद इंजिनाला सिग्नल जनरेटर लावून हे कधीच दिसले नसते.

११/१३
म्हणून प्रश्न विचारण्याची रीत बदलली. परिवर्तक चालू ठेवायचा, मूळ विजेवर तोच छोटा संकेत चढवायचा आणि प्रत्येक वारंवारतेला इंजिन काय उत्तर देते ते मोजायचे. ते ऊर्जा घेते की देते? नव्या इंजिनाला स्विस जाळ्यावर प्रवेश देताना या उत्तराला महत्त्व आले. कसोटी आता एकट्या इंजिनाची राहिली नाही; ज्या तारेखाली ते जाणार, तिच्यासह ते कसे वागेल, याची झाली.

१२/१३
योगायोग असा की त्याच १९९५ साली स्विस इंजिनांच्याच कुळातील डब्ल्यूएपी-५ ही परिवर्तकावर चालणारी इंजिने भारतात आली. पुढे तशी इंजिने चित्तरंजनच्या कारखान्यात बनू लागली. एकविसाव्या शतकात घाटातील आणि मुंबईतील डीसी तारेची जागा टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टने घेतली. कसारा घाटात जुनी आणि नवी इंजिने एकाच तारेखाली धावू लागली. तारेतील लाटांची मोजमापे, सिग्नल यंत्रणेला होणारा अडथळा, हार्मोनिक्सच्या मर्यादा हे विषय नव्या इंजिनाच्या कसोटीचा भाग आहेत. इगतपुरीहून तासाभराच्या अंतरावर, नाशिकरोड येथे १९८८ साली स्थापन झालेल्या भारतीय रेल्वे विद्युत अभियांत्रिकी संस्थेत रेल्वेचे विद्युत अभियंते प्रशिक्षण घेतात.

१३/१३
लोहमार्गाचा इतिहास सांगताना बोगदे, पूल आणि इंजिनांची अश्वशक्ती यांची मोजदाद होते. इगतपुरीची कथा आणखी एका गोष्टीची नोंद घ्यायला लावते. विजेचा दाब बदलला, इंजिनाचे पोट बदलले, तसतसा धोका यंत्रातून निघून यंत्रांच्या परस्परसंबंधात शिरला. तो शोधण्यासाठी आणखी मोठे यंत्र लागले नाही. लागला तो काही व्होल्टचा एक संकेत, आणि तो कुठे, केव्हा लावायचा याचे शहाणपण. ते शहाणपण झुरिकला मोल देऊन मिळाले. आज घाट चढणाऱ्या प्रत्येक गाडीच्या डोक्यावरच्या तारेत त्याचा वाटा आहे.