राहूची कुळकथा

राहूचा पूर्वज स्वर्भानू. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात हा असुर सूर्याला अंधाराने झाकतो आणि अत्री ऋषी मंत्रबळाने सूर्य परत मिळवतात. पुढे पुराणांत समुद्रमंथनाची गोष्ट आली. देवांच्या पंगतीत बसून राहू चोरून अमृत प्यायला, सूर्यचंद्रांनी चहाडी केली, विष्णूने सुदर्शन सोडलं. अमर झालेलं शीर तेव्हापासून सूडाने त्या दोघांना गिळतं. पण गळाच कापलेला, म्हणून गिळलेला सूर्य बाहेर येतो. ग्रहण सुटतं कसं, याचंही उत्तर या सुरेख गोष्टीत होतं.

इ. स. 499च्या सुमारास तेवीस वर्षांच्या आर्यभटाने लिहिलं की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली. राहूला काही कामच उरलं नाही. पण ग्रहणाभोवती स्नान, दान, जप, श्राद्ध यांचा मोठा व्यवहार उभा होता. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त सावलीचं कारण मान्य केलं, तरी ग्रहणकाळच्या दानाचा वाटा घेण्याचा वर राहूला ब्रह्मदेवाने दिला आहे, असं सांगून त्याची जागा राखली. ब्रह्मगुप्ताने तर 628मधल्या आपल्या ग्रंथात राहू नाकारणाऱ्यांनाच दोष दिला, कारण ते श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध जात होते. त्याच ग्रंथात ग्रहणाचं गणित मात्र त्याने पृथ्वीच्या सावलीवरूनच मांडलं. चारशे वर्षांनी अल्-बिरुनीने ही विसंगती पकडली. सॉक्रेटिसासारखी गत होण्याच्या भीतीने ब्रह्मगुप्ताने असं लिहिलं असावं, हा त्याचा तर्क. मला तो पटतो. ज्याचा राहूवर भरवसा आहे, तो सावली मोजत बसत नाही.

मग गणिताने राहूचं नाव ठेवलं आणि राक्षस काढून टाकला. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाशी सुमारे 5 अंशांनी कललेला आहे. हे मार्ग जिथे छेदतात ते दोन पात म्हणजे राहू आणि केतू. अमावास्या किंवा पौर्णिमा पाताजवळ घडली तरच ग्रहण लागतं. हे पात उलट्या दिशेने सरकत 18.6 वर्षांत एक फेरी पुरी करतात. पंचांगात राहू वक्री असतो तो यामुळेच.

कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा ‘ग्रहलाघव’ शके 1442चा, म्हणजे इ. स. 1520चा. ज्या-कोटिज्यांची, म्हणजे साइन-कोसाइनची, किचकट आकडेमोड टाळून त्याने ग्रहण काढणं सोपं केलं, आणि महाराष्ट्रातली पंचांगं शतकानुशतकं त्यावर चालली. म्हणजे वेध पाळायला सांगणारे जोशीबुवाही ग्रहणाची वेळ काढताना राहूला बिंदूच मानत होते.

आजही पंचांगात स्पर्श, मध्य, मोक्ष मिनिटापर्यंत छापतात आणि जवळच गर्भवतींनी काय टाळावं याची यादी असते. वेळा दरवेळी बरोबर येतात. यादीला कसलाही आधार नाही. ग्रहणात भाजी चिरल्याने बाळाचा ओठ फाटत नाही, आणि पोटुशी बाईला पाण्यावाचून अंधाऱ्या खोलीत बसवणं हा तिचा छळ आहे.

2 ऑगस्ट 2027ला महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल, पावसाने उघडीप दिली तर. नुसत्या डोळ्यांनी पाहू नका; ग्रहणाचे चष्मे आधीच आणून ठेवा. घरात कोणी गर्भवती असेल तर तिला वेळेवर जेवायला वाढा, आणि एक चष्मा तिलाही द्या.