काळी दारू आणि तिचे पर्याय

दारू म्हटले की आजच्या वाचकाला बाटली आठवते. माझ्या पिढीला दोन आठवत. एक पिण्याची आणि एक उडवण्याची. मुळात हा फारसी शब्द आणि तिकडे त्याचा अर्थ औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. गंमत म्हणजे ज्या चिनी लोकांनी ही काळी भुकटी प्रथम शोधली, त्यांच्या भाषेतही तिच्या नावाचा अर्थ ‘आगीचे औषध’ असाच होतो. औषध म्हटले की मात्रा आली, पथ्य आले, आणि देणारा जाणता माणूस आला. हे तिन्ही सुटले की औषधाचे विष होते. आजच्या लेखात मला एवढेच सांगायचे आहे, पण जरा लांबून यावे लागेल.

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्या नळीच्या तोंडातून दारू, चिंधी आणि छर्रे किंवा गोळी आत घालून गजाने ठासतात ती. आपण एखादी गोष्ट ‘ठासून सांगतो’ आणि एखाद्याचा बार ‘फुसका’ निघतो, तेव्हा आपल्या नकळत हीच बंदूक बोलत असते. पेटवण्याची रीत मात्र बदलत गेली. आधी तोड्याची बंदूक होती, म्हणजे जळत्या वातीने रंजक पेटवायची. मग चकमकीची आली, तिच्यात गारगोटीची ठिणगी रंजकावर पडे. एकोणिसाव्या शतकात केपाची आली, तिच्यात तांब्याची छोटी टोपी ठोकली की आतली दारू पेटे. तिन्ही बंदुकींत आतली दारू मात्र एकच, काळी.

सोरा, कोळसा आणि गंधक एवढेच तिचे घटक. जुन्या मातीच्या भिंतीला पांढरा लोणा लागलेला आपण पाहतो. सोरा त्याच जातीचा. बिहारातले नोनिया लोक पिढ्यान्‌पिढ्या तो मातीतून काढत, आणि पाटण्याचा सोरा विकत घेण्यासाठी डच, इंग्रज असे सारे व्यापारी तिथे धाव घेत. कोळसा हे जळण. त्याला जळायला लागणारा प्राणवायू सोरा पुरवतो, म्हणून बंद नळीतही ती जळते. गंधकामुळे ती लवकर पेट घेते. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

या दारूचे दोन मोठे दोष. पहिला दोष सर्दीचा. हवेतला ओलावा ती धरते आणि मग बार फुसका निघतो. दुसरा दोष कीट. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त भाग घनरूपातच उरतो. त्यातला काही धूर होऊन डोळ्यांपुढे पसरतो आणि काही नळीत काजळीसारखा बसतो. ही कीट पाणी ओढते आणि एका रात्रीत लोखंडाला गंज आणते. म्हणून बार काढल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवायची, कोरडी करायची आणि तेलाचा हात फिरवायचा, हा जुना नेम.

आपल्या लोकांना हे दोष किती नेमके ठाऊक होते ते पाहायचे असेल तर रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र काढून वाचावे. हा ग्रंथ 1715 च्या सुमाराचा. गडांविषयीच्या प्रकरणात दारूखान्याबद्दल जे सांगितले आहे ते आजच्या एखाद्या सरकारी नियमावलीत शोभावे. दारूखाना राहत्या घराजवळ नसावा. भोवती झाडांचे दाट कुंपण असावे. तळघर करून त्यात माच घालावा आणि दारूची मडकी त्यावर ठेवावी. सर्दी लागू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी. बघा, यात शौर्याचा एक शब्द नाही, सगळी काळजी आहे. मुंबईत रे रोडजवळच्या वस्तीला आजही दारूखाना म्हणतात. त्या नावामागेही दारू वेगळी ठेवण्याची हीच रीत आहे.

काळ्या दारूला पहिला मोठा पर्याय आला तो 1884 साली. पॉल व्हिएल नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू तयार केली. पाठोपाठ 1889 मध्ये इंग्रजांचे कॉर्डाइट आले. धूर नाही, कीट जवळजवळ नाही, आणि जोर कितीतरी जास्त. पण इथे एक धडा मिळाला. इंग्रजांची ली-मेटफर्ड ही रायफल 1888 ची, काळ्या दारूचा विचार करून केलेली. कॉर्डाइट वापरायला लागल्यावर तिच्या नळीतले उथळ आटे भराभर झिजले. शेवटी 1895 मध्ये नळीच्या आट्यांची घडण बदलावी लागली आणि ली-एन्फिल्ड जन्मली. म्हणजे नळी आणि दारू ही जोडी आहे. एक बदलली की दुसरी बदलावी लागते.

ती तर निदान पोलादी नळीची, काडतुसाची रायफल होती. ठासणीच्या बंदुकीत बिनधुराची दारू घातली तर आटे झिजायला वेळच मिळत नाही, नळीच फुटते. काळ्या दारूचा दाब त्या मानाने बेताचा असतो आणि जुनी नळी तेवढ्यासाठीच घडवलेली असते. जगभर ठासणीच्या बंदुकीचा पहिला नियम हाच आहे की बिनधुराची दारू तिला कधीही दाखवायची नाही.

आता जरा आपल्या वऱ्हाडात येऊ. 1878 साली लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रकायदा झाला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. गोऱ्यांना त्यातून सूट होती, आणि ती सलत होती. 1887 च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र अधिनियम आला, तो 1962 पासून लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे. पिकाच्या रक्षणासाठी खरोखर गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असे त्यात म्हटले आहे. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच आट्याविना नळीची दुसरी बंदूक.

ठासणीचीच का? माझ्या मते, ती संथ आहे म्हणून. एक बार काढला की दुसरा भरायला वेळ लागतो, तोवर माणसाचा राग निवतो. कायदा करणाऱ्यांनी शेतकऱ्याच्या हाती गेल्या शतकातले हत्यार ठेवले ते असे. मी याला नावे ठेवत नाही. पण हत्यार जुने दिले तर त्याचे जुने पथ्यही माहीत असणारा कोणी जवळ हवा, ते मात्र कोणी पाहिले नाही.

आमचे किन्हीराजा नागपूर-औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) रस्त्यावरचे गाव. माझ्या लहानपणी वावरात ज्वारी, कापूस, तूर असे. रात्री जागलीला जावे लागे. खोपडी, शेकोटी, गोफण आणि डबा बडवायला एक काठी, एवढ्यावर बहुतेकांचे भागे. पंचक्रोशीत एका म्हाताऱ्या काकांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. ते दारू शिंगाच्या डब्यात ठेवत आणि शेकोटीजवळ कधी नेत नसत. आधी लाकडी मापात ओतून मगच नळीत टाकत, डब्यातून थेट कधी नाही. बार काढल्यावर घरी येऊन जेवायच्या आधी नळी धूत. आम्हा पोरांना ते कर्मकांड वाटे. आज्ञापत्र वाचल्यावर मला त्या हवालदाराच्या जागी हे काकाच दिसले.

ही सगळी उजळणी होण्याचे कारण माझा एक पुतण्या. तो अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात असतो. त्या राज्यात 1974 पासून थंडीच्या दिवसांत हरणांच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम असतो आणि त्यात फक्त चकमकीची ठासणीची बंदूक चालते. पुतण्याच्या शेजाऱ्याला ती हौस आहे. पुतण्याने फोनवर विचारले, “काका, तिकडच्या दुकानात काळी दारूही मिळते आणि तिचे पर्यायही. आपल्याकडे लोक काय वापरायचे?” मग थोडे वाचन केले.

काळी दारू ठिणगीसरशी उडते म्हणून तिकडेही तिची वाहतूक आणि साठवण यांवर स्फोटकाचे नियम आहेत. ते कडक झाल्यावर दुकानदार ती ठेवायला कचरू लागले. तेव्हा डॅन पॉलॅक नावाच्या माणसाने पायरोडेक्स हा पर्याय काढला. तो 1976 च्या सुमारास बाजारात आला. त्यात सोरा, कोळसा, गंधक आहेतच, पण आणखी काही रसायने घालून ती सहजासहजी पेटणार नाही अशी केली. त्यामुळे ती ठेवणे आणि पाठवणे सोपे झाले. पण 1977 च्या जानेवारीत त्याच्याच कारखान्यात आग लागली आणि पॉलॅक काही सहकाऱ्यांसह मरण पावला. सुरक्षित दारू शोधणाऱ्याचा जीव दारूनेच घेतला. पुढे हॉजडन कंपनीने ते काम नेटाने चालवले आणि 2002 मध्ये ट्रिपल सेव्हन नावाचा बिनगंधकाचा पर्याय आणला. त्याची कीट साध्या पाण्याने निघते आणि गंधकाचा वासही येत नाही.

मग निवड कशी करायची? वर सांगितलेले गंधकाचे वाक्य आता कामाला येते. पर्याय उशिरा पेटतात. केपाची ठिणगी जोरदार असते, तिला ते चालतात. चकमकीची ठिणगी दुबळी, तिला खरी काळी दारूच लागते. म्हणून त्या शेजाऱ्यापुढे खरे तर निवड नाहीच. दुसरी गोष्ट मापाची. पायरोडेक्स वजनाला हलकी. ती काळ्या दारूइतकीच मापाने घ्यायची, तराजूने तेवढीच घेतली तर बार जादा भरला जातो. ट्रिपल सेव्हन जास्त जोराची, म्हणून ती मापानेही थोडी कमी घ्यायची. आणि पायरोडेक्सने नळी धुण्यातून सुटका होत नाही, उलट तिच्या कीटाने गंज लवकर चढतो. हे सगळे डब्यावर छापलेले असते. बंदूक करणाऱ्यानेही कोणती दारू आणि किती, ते लिहून दिलेले असते. तिकडे काळी दारूसुद्धा सहज मिळते असे नाही. 2021 मध्ये तिचा तिथला एकमेव मोठा कारखाना बंद पडला. 2022 मध्ये खेळण्यातली रॉकेटे करणाऱ्या एका कंपनीने तो विकत घेतला म्हणून निभावले.

पुतण्याला हे सांगितले, पण त्याच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मनात राहिला. आपल्याकडे लोक काय वापरतात?

स्फोटकांचे नियम सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. पण परवान्याची दारू विकणारे दुकान खेड्यापासून लांब. परवान्यावर दारू-छर्रे किती बाळगायचे ते लिहिलेले. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा, मग वावरात हरभरा असो की तूर. अशा वेळी माणूस जवळ मिळेल ते शोधतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी दिवाळीचे फटाके फोडून त्यातली दारू ठासली होती. फटाक्याची दारू वेगळी, तिचा वेग वेगळा, आणि तिचे माप कुणालाच माहीत नसते. नळी फुटली. उजवा डोळा आणि हाताची दोन बोटे गेली. तो मुलगा नववीत होता, त्याने त्या वर्षी शाळा सोडली आणि वावर पाहू लागला. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी किती दिवस रेघ मारत होतो ते मला आठवते.

अलीकडचा पर्याय म्हणजे प्लॅस्टिकच्या पाइपची कार्बाइड बंदूक. वानरे आणि डुकरे हाकलायला ती शेतात आली आणि तिथून पोरांच्या हातात गेली. 2025 च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपासच्या भागात तिच्यामुळे शंभरावर लोकांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात बहुतेक लहान मुले. आणि ज्याला हेही जमत नाही तो कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडतो. विदर्भात त्यात वाघ मेले आणि माणसेही मेली.

म्हणजे पर्याय दोन्हीकडे आहेत. पण तिकडच्या पर्यायाला नाव आहे, माप आहे, डब्यावर सूचना आहे आणि चुकले तर विचारायला जागा आहे. आमच्याकडचा पर्याय अडचणीतून निघतो आणि त्याचे माप अंदाजाने ठरते. कुणी म्हणेल, मग काळी दारू सरसकट द्या. मी तसे म्हणणार नाही. रोही आणि रानडुक्कर यांना परवानगीशिवाय मारता येत नाही, आणि एका बाराने कळप हटतही नाही. सौर कुंपण, नुकसानीचा पंचनामा वेळेवर आणि भरपाई हंगाम संपायच्या आत, हे झाले तर बहुतेकांना बंदूक नकोच आहे. जागलीची हौस कुणाला असते?

पण ज्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे, त्यांना वर्षातून एकदा तरी कोणी बसवून शिकवावे. नळी तपासावी, माप द्यावे, कोणती दारू चालते आणि कोणती मुळीच नाही हे ठासून सांगावे. अमात्यांनी तीनशे वर्षांपूर्वी गडावरच्या हवालदाराला दर पंधरवड्याला दारू पाहायला लावले होते. आमच्या तालुक्याला वर्षातून एक दिवस मागणे काही जास्त नाही.