घरातले विनाइल फ्लोअरिंग : निगा कशी राखावी, काय टाळावे

जुन्या शहाबादी फरशीवर किंवा फुटलेल्या टाइल्सवर विनाइलचे फ्लोअरिंग घालण्याची पद्धत आता अनेक घरांत दिसते. फरशी उखडावी लागत नाही, थंडीत पायाला गार लागत नाही, त्यामुळे घरात वयस्कर किंवा आजारी माणूस असले की कुटुंबीय ते मुद्दाम बसवून घेतात. हे फ्लोअरिंग आरोग्याला वाईट नाही. मात्र निगा चुकली तर तीन त्रास संभवतात : घसरून पडणे, स्वच्छतेच्या रसायनांचा त्रास आणि खाली साठणारी ओल. हे तिन्ही टाळता येतात.

रोजची स्वच्छता

विनाइल हे पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकपासून बनते. त्याच्या वरचा पातळ संरक्षक थर टिकला तर फ्लोअरिंग टिकते.

- आधी मऊ झाडूने केर काढा. बारीक वाळू, माती राहिली तर चरे पडतात आणि त्यांत मळ साठतो.
- बादलीभर पाण्यात भांडी घासण्याचा लिक्विड साबण एक-दोन चमचेच घाला. फडके घट्ट पिळून पुसा आणि नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने पुन्हा पुसा. साबणाचा थर राहिला की जमीन चिकट होते आणि ओली झाल्यावर घसरते.
- पाणी ओतून धुऊ नका. ते सांध्यांतून आणि कडांमधून खाली उतरते.
- रॉकेल, थिनर, ॲसिड आणि तारेची घासणी वापरू नका.
- चमक यावी म्हणून तेल, मेण किंवा फर्निचरचे पॉलिश लावू नका.

घसरून पडणे : सर्वांत मोठा धोका

उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात. साध्या घसरण्यानेही खुब्याचे हाड मोडू शकते आणि त्यानंतर अनेकांचे चालणे-फिरणे कायमचे कमी होते. म्हणून :

- फरशी घरातले सगळे झोपलेले किंवा बसलेले असताना पुसा आणि पूर्ण वाळेपर्यंत पंखा चालू ठेवा.
- मालिशचे तेल, पावडर किंवा पाणी सांडले तर लगेच पुसा. तेल नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो.
- कड उचलली गेली असेल किंवा फुगा आला असेल तर आजच दुरुस्त करा. पाय घासत चालणाऱ्या माणसाचा अंगठा तिथेच अडकतो.
- बाथरूमच्या दाराशी न सरकणारे पायपुसणे ठेवा. रबरी तळाच्या पायपुसण्याने विनाइलवर पिवळट डाग पडू शकतो. तो पडला तरी चालेल, हाड मोडता कामा नये. पायपुसणे रोज उचलून वाळवा.
- काठी किंवा वॉकरची रबरी बुचे झिजली असतील तर बदला. नुसते मोजे घालून चालू नका.
- रात्री बाथरूमच्या वाटेवर मंद दिवा ठेवा.

रसायने एकमेकांत मिसळू नका

ब्लीचमध्ये ॲसिड किंवा ॲसिड असलेला टॉयलेट क्लीनर मिसळला तर क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तरी विषारी वायू निघतो. डोळे झोंबतात, खोकला येतो, दम लागतो. दम्याच्या रुग्णांना हा त्रास जास्त होतो. एका वेळी एकच द्रव वापरा आणि खिडक्या उघड्या ठेवा. दमा असणाऱ्याच्या खोलीत उग्र वासाचे फिनेल टाळा, साबणाचे पाणी पुरते.

फिनेल किंवा ॲसिड कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. मुले आणि विसराळू झालेली वृद्ध माणसे ते पिऊ शकतात.

लघवी, उलटी किंवा रक्त सांडल्यास

हातमोजे घाला. आधी कागदाने किंवा जुन्या फडक्याने टिपून घ्या, मग साबणाच्या पाण्याने पुसा. निर्जंतुक करायचे असेल तर ५ टक्क्यांचे ब्लीच १ लिटर पाण्यात २० मिली या प्रमाणात घालून लावा, १० मिनिटे थांबा आणि साध्या पाण्याने पुसून काढा. लघवीवर थेट ब्लीच ओतू नका, कारण लघवीत अमोनिया असू शकतो. रोजच्या पुसण्याला ब्लीचची गरज नाही.

ओल आणि बुरशी

पावसाळ्यात कुबट वास येऊ लागला, काळे ठिपके दिसले किंवा जमीन पायाखाली मऊ लागली तर एक कोपरा उचलून पाहा. बुरशीमुळे शिंका, नाक वाहणे आणि दमा वाढू शकतो. फक्त वरून पुसून उपयोग नाही. गळती शोधून थांबवावी लागते आणि खालची फरशी पूर्ण वाळल्यावरच फ्लोअरिंग परत बसवावे. हे काम चालू असताना दम्याच्या रुग्णाला दुसऱ्या खोलीत ठेवा.

नवीन फ्लोअरिंगचा वास

नवे विनाइल आणि ते चिकटवायचा गोंद यांचा वास काही दिवस येतो. तोपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा. तान्हे बाळ, गरोदर स्त्री आणि दम्याचा रुग्ण यांना त्या खोलीत झोपवू नका. विनाइल मऊ राहण्यासाठी काही प्रकारांत थॅलेट नावाची रसायने घातलेली असतात आणि ती धुळीत उतरू शकतात. खरेदी करताना थॅलेटविरहित प्रकार मागा. रांगणाऱ्या बाळाचे हात खाण्याआधी धुवा आणि फरशी ओल्या फडक्याने नियमित पुसा. एवढी काळजी घ्या, घाबरून फ्लोअरिंग उखडण्याची गरज नाही.

दवाखान्यात कधी जावे?

- पडल्यावर जांघेत दुखत असेल, पायावर भार देता येत नसेल किंवा पाय आखूड वा बाहेर वळलेला दिसत असेल तर रुग्णाला चालवू नका. १०८ ला फोन करा.
- डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रुग्ण बरा दिसला तरी लगेच तपासून घ्या.
- वायूचा त्रास झाल्यास मोकळ्या हवेत या, डोळे साध्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. खोकला किंवा दम राहिला, किंवा काही तासांनी वाढला, तर रुग्णालयात जा.
- कोणी फिनेल किंवा ॲसिड प्यायले तर उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका. बाटली बरोबर घेऊन तातडीने रुग्णालय गाठा.

वयस्कर माणूस पडले आणि लागले नाही, तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर सांगा. दरवेळी दोष फरशीचाच असतो असे नाही. चक्कर, उभे राहताना उतरणारा रक्तदाब, कमी दिसणे किंवा झोपेची गोळी हेही कारण असू शकते.