लाल मानेचा भुंगेरा

सहा पाय, आणि डोकें, छाती व पोट असे शरीराचे तीन भाग, ही कीटकाची ओळख आज शाळकरी मुलेंही सांगतात. परंतु कीटकांचे वर्ग पाडावे कसे, या प्रश्नानें विद्वानांस फार दिवस छळलें. स्वीडनच्या लिनीयसनें १७५८ मध्यें मुख्यतः पंखांवरून सात गण ठरविले. परिणामीं बिनपंखी गणांत उवा-पिसवांच्या पंक्तीस कोळी आणि खेकडेही येऊन बसले! त्याचा शिष्य फॅब्रिशियस यानें १७७५ मध्यें मुखावयव प्रमाण मानले.

सर्व अवयवांची साक्ष एकत्र घेतली ती फ्रान्सच्या लात्रेय या धर्मोपदेशकानें. राज्यक्रांतीच्या धामधुमींत तो बोर्दो येथील तुरुंगांत पडला होता. हद्दपारी समोर दिसत होती. तेथें त्यास निळसर अंगाचा, लाल मानेचा एक दुर्मिळ भुंगेरा आढळला. त्यानें तो तुरुंगाच्या वैद्यास दिला. वैद्याकडून तो बोरी द सें-व्हँसां या पंधरा-सोळा वर्षांच्या निसर्गाभ्यासी मुलाकडे गेला, आणि त्याच्या व स्नेह्यांच्या खटपटीनें लात्रेय सुटला. कीटकांचीं नैसर्गिक कुलें मांडणारा त्याचा ग्रंथ १७९६ मध्यें निघाला.

मेलेल्या जनावरांवर जगणारा तो किडा दुसऱ्या कोणीं सहज चिरडला असता. ओळखणारी दृष्टि होती, म्हणून किडाही वांचला, माणूसही वांचला आणि शास्त्रही पुढें सरकलें, असें आम्हांस वाटतें.