तिकिटावरचा सव्वा तास

लंडनच्या हीथ्रोपासून पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळापर्यंतचे सरळ अंतर साडेतीनशे किलोमीटरही भरत नाही. जेट विमान हवेत असते ते पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटे. तिकिटावर मात्र सव्वा तास किंवा थोडा अधिकच छापलेला असतो. या वाढीव वेळाचे कूळ शोधू लागले, की तो आकाशात नव्हे, जमिनीवर जन्मला असे दिसते. आरंभी तसे नव्हते. २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडनजवळच्या हाउन्स्लो हीथवरून वैमानिक बिल लॉफर्ड डी हॅविलंडचे लहानसे विमान घेऊन निघाला. सोबत एकच प्रवासी, शिवाय वर्तमानपत्रे, कातडी आणि डेव्हनची साय. सुमारे अडीच तासांनी तो पॅरिसजवळच्या ल बूर्जेला उतरला. लंडन–पॅरिस रोजच्या विमानसेवेचा तो पहिला दिवस. ते अडीच तास खरोखर इंजिनाचे आणि वाऱ्याचे होते. खाली दिसणारे रस्ते आणि रूळ हाच वैमानिकाचा नकाशा होता.

माझ्या मते आजच्या आकड्याचे मूळ ७ एप्रिल १९२२ च्या अपघातात आहे. त्या दिवशी उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डीवर, धुक्यात, या मार्गावरची दोन विमाने समोरासमोर आदळली आणि दोन्हींतली सातही माणसे गेली. त्यानंतर मार्ग आखले गेले, विमानात रेडिओ हवाच हा आग्रह धरला गेला. विमान कुठून जाईल हे आता एकट्या वैमानिकाच्या हाती राहिले नाही, आणि अंतरही नकाशावरच्या सरळ रेषेपुरते उरले नाही. पुढे वर्दळ वाढली तसा हिशेब हवेतून खाली सरकला. चाकांचे ठोकळे काढून विमान हलले की वेळ सुरू, पुन्हा ठोकळे लागले की संपली. विमान कंपन्या यालाच ब्लॉक टाइम म्हणतात. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, त्याही जवळजवळ पूर्ण भरलेल्या. उड्डाणासाठी रांग असते, आणि परतीच्या विमानांना बिगिन किंवा ऑकम या प्रतीक्षेच्या ठिकाणांवर घिरट्या घालाव्या लागतात. म्हणूनच हवेतला सरासरी वेग सुमारे तिप्पट होऊनही छापील वेळ जेमतेम निम्म्यावर आला.

यावर म्हटले जाते, की कंपन्या वेळापत्रकात मुद्दाम सैल जागा ठेवतात, म्हणजे पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेले विमान वेळेवर आले असे मिरवता येते. यात तथ्य आहे. पण ही सैल जागा फुकट मिळत नाही. प्रत्येक वाढीव मिनिटागणिक विमान आणि कर्मचारी अडकून पडतात, दिवसातली एखादी फेरी हुकते. त्यामुळे ती हवी तेवढी फुगवता येत नाही, आणि वाढीव वेळाचा मोठा भाग खऱ्या रांगेचाच असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लिस्बन–हेलसिंकीसारख्या लांब मार्गावर अंतरच वेळ ठरवते. ते मान्यच. मात्र तिथेही जमिनीवरचा भाग जातो कुठे? लांब प्रवासात तो झाकला जातो, एवढेच. लंडन–पॅरिसवर तो उघडा पडतो, आणि म्हणूनच २००७ पासून साधारण सव्वादोन तासांत शहराच्या पोटातून शहराच्या पोटात नेणारी रेल्वे तिथे विमानाला भारी पडते.

घड्याळानेही यात एक थर चढवला आहे. १९११ च्या कायद्याने फ्रान्स ग्रिनिचच्या वेळेवर आला होता; जून १९४० मध्ये जर्मन फौजांनी पॅरिसची घड्याळे बर्लिनला जुळवली, आणि युद्धानंतरही फ्रान्स त्याच वेळेवर राहिला. त्यामुळे आज लंडनहून नऊला निघालेले विमान पॅरिसला सव्वाअकराच्या सुमारास पोहोचते, तर पॅरिसहून नऊला निघालेले लंडनला सव्वानऊच्या सुमारास.