असल, नक्कल आणि तंबाखूचे अत्तर

टॉम फोर्ड यांचे 'टोबॅको व्हॅनिल' हे उंची अत्तर 2007 साली आले आणि त्याची अल्पमोली प्रतिरूपेही बाजारात उभी राहिली. दोहोंची तुलना करताना महाग ते अस्सल आणि स्वस्त ती नक्कल, असे आपण सहज गृहीत धरतो. इतिहास पाहिला की आम्हांस या गृहीताविषयी शंका येऊ लागते.

तंबाखूच्या अत्तरांची आधुनिक परंपरा फ्रान्समधली. कॅरोन या पेढीच्या एर्नेस्ट दाल्ट्रॉफ यांनी 1919 मध्ये 'ताबा ब्लाँ' काढले, ते उघडपणे सिगारेट ओढू लागलेल्या स्त्रियांसाठी. 1921 चे मोलिनारचे 'हाबानिता' तर आरंभी सिगारेटीलाच सुगंध देण्यासाठी होते. तंबाखू म्हटले की चंची आणि तपकिरीची डबी आठवणाऱ्या आपल्याला हे चमत्कारिक वाटते, हा भाग वेगळा.

मात्र या अत्तरांतला तंबाखूचा गोडसर वास केवळ पानातून येत नाही. टोंका बियांतील कुमारिन आणि व्हॅनिलिन यांचा त्यात मोठा वाटा असतो. कुमारिन विल्यम पर्किन यांनी 1868 मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध केले. व्हॅनिलिन टीमान व हार्मान यांनी 1874 मध्ये. हार्मान यांनी जर्मनीत होल्झमिंडेन येथे त्याचा कारखानाही काढला. म्हणजे महागड्या व्हॅनिला शेंगेची स्वस्त नक्कल आधी झाली, आणि आधुनिक उंची अत्तर अशाच नकलांच्या पायावर उभे राहिले.

मग प्रतिरूप करणारा चोरतो तरी काय? घटक सर्वांना मोकळे आहेत. उरते ती रचना. जून 2006 मध्ये अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने दोन सर्वोच्च न्यायालयांनी यावर परस्परविरुद्ध निर्णय दिले. फ्रेंच न्यायालयाच्या मते सुगंध हे निव्वळ कौशल्य, त्याला लेखकाचा हक्क नाही. या खटल्यातली प्रतिवादी कंपनी होती हार्मान अँड रायमर, म्हणजे त्याच व्हॅनिलिन-कारखान्याची वारस! डच न्यायालयाने मात्र लाँकोमच्या 'त्रेझोर'ला संरक्षण दिले. स्वस्त 'फीमेल ट्रेझर'मध्ये त्याच्या 26 पैकी 24 घटक आढळले होते.

आमचा कौल डच न्यायालयाकडे आहे. शब्द कोशात सर्वांसाठी असतात म्हणून कविता कोणाचीच नाही, असे आपण वर्गात शिकवत नाही. तरीही ज्याला ती उंची कुपी परवडत नाही त्याने तो वास घ्यायचाच नाही काय, हा प्रश्न आम्हांला अडवतो. एम.ए.ची निम्मी पुस्तके आम्ही स्वतः झेरॉक्स प्रतींवरच वाचली आहेत.