दापोडीची बाग



मुंबईहून पुण्याला येणाऱ्या जुन्या रस्त्याने तुम्ही कधी ना कधी गेला असाल. चिंचवड मागे पडते, पिंपरी जाते, कासारवाडी जाते आणि दापोडी लागते. एस. टी.ची कार्यशाळा, रेल्वेचे स्टेशन आणि दाटीवाटीची घरे, एवढीच दापोडीची ओळख आपल्याला असते. याच दापोडीत एके काळी मुंबई इलाख्याची सरकारी वनस्पती-बाग होती, असे कोणी सांगितले तर चटकन विश्वास बसत नाही. माझ्या विद्यार्थ्यांचाही बसला नव्हता.

एका आषाढात आम्ही दहा-बारा जण पिंपरीहून सायकलींवर निघालो. जायचे होते गणेशखिंडीच्या बागेत. पावसाची भुरभुर चालली होती, अंगावर घोंगते नि रेनकोट, मडगार्डात चिखल अडकलेला. मुळेच्या पुलाच्या अलीकडे मी सर्वांना उतरायला लावले आणि म्हटले, "पोरांनो, पहिली बाग इथं होती." एकाने चारी बाजूंना पाहिले नि विचारले, "सर, इथं कुठली आलीय बाग?" त्याला तिथे पावसात जे सांगितले, तेच आज जरा सावकाशीने तुम्हाला सांगतो.

पेशवाईच्या शेवटच्या दिवसांत दापोडीला कॅप्टन फोर्ड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालची पलटण असे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा हीच पलटण दापोडीहून येऊन इंग्रजांना मिळाली. या फोर्डने पवनेकाठी राहण्यासाठी एक बंगला बांधला होता. पुढे सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला. मुंबईचा धुवांधार पावसाळा टाळून ते चार महिने देशावर काढावेत, असा गव्हर्नरांचा रिवाज. माल्कमने १८२८ साली ही जागा सरकारसाठी घेतली आणि तिथेच वनस्पती-बाग सुरू केली. बोरघाटातून गाडीरस्ताही त्याच्याच वेळी, १८३० साली, खुला झाला. तेव्हा आपण ज्या वाटेवर सायकल मारतो, ती वाट आणि ती बाग एकाच काळाची भावंडे आहेत.

बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गुलाब नि कारंजी येतात. दापोडीला शोभेची झाडेही होती. पण खरे काम निराळे होते. परमुलखातले बी आणायचे, इथल्या मातीत लावून पाहायचे, रुजले तर वाटायचे. १८३८ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन या बागेचा अधीक्षक झाला. हा स्कॉटलंडचा माणूस. त्याआधी दख्खन व खानदेशात देवी टोचण्याच्या खात्यावर असल्यामुळे गावोगाव हिंडलेला. सरकारी दवाखान्यांना लागणारी औषधे विलायतेहून आणण्यापेक्षा इथेच का पिकवू नयेत, हा त्याचा ध्यास. त्यासाठी जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ हिवरे येथे दुसरी बाग होती. दापोडीहून हिवऱ्याला जायचे तर वाट चाकणवरूनच. फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली लढवलेला चाकणचा किल्ला आपण पोरांना शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण याच वाटेने पुढे रोपे नि बियाणेही गेले, हेही सांगायला हवे.

आता या कथेतला मोठा भाग. १८४७ साली गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला आणि कोकण-कानड्यापर्यंत हिंडू लागला. जहाजांना साग हवा, मुंबईच्या चुलींना लाकूड नि कोळसा हवा. डोंगर भराभर बोडके होत होते. डोंगर बोडके झाले की खालचे झरे आटतात, असे त्याने सरकारला बजावले. जिथे शेकडो इंच पाऊस पडतो, तिथे पाणी आटेल हे कोणाला खरे वाटणार? पण कोकणातल्या माणसाला आज वैशाखात विचारून पाहा! अर्थात गिब्सनचे सगळेच बरोबर होते असे नव्हे. डोंगरात कुमरीची शेती करणाऱ्या गरिबांवर त्याचा फार रोष होता, आणि नव्या वनकायद्यांचा जाच पुढे त्याच लोकांना सोसावा लागला. इतिहास सांगताना दोन्ही बाजू सांगाव्यात.

१८४७ ते १८५० या काळात गिब्सनने बागेतल्या झाडांची चित्रे काढून घेतली. पावणेदोनशेच्या आसपास चित्रे एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानाने जपून ठेवली आहेत. २००२ साली त्यांवर इंग्रजीत एक ग्रंथही निघाला. पण चित्रकाराचे नाव? ते कुणी लिहून ठेवले नाही. तो इथलाच, बहुधा पोर्तुगीज वळणाचा हिंदी माणूस, एवढाच जाणकारांचा अंदाज. गव्हर्नराचे नाव राहिले, डॉक्टरचे राहिले. ज्याच्या बोटांनी पाकळी न् पाकळी उतरवली त्याचे नाही. पवनेचे पाणी ओढून रोपे जगवणाऱ्या माळ्यांचे तर नाहीच नाही.

पुढे गव्हर्नरांना दापोडी अपुरी वाटू लागली. बार्टल फ्रिअरने १८६४ साली गणेशखिंडीत नवा वाडा बांधायला घेतला, तिथे आज पुणे विद्यापीठ आहे. १८६५ साली दापोडीची मिळकत विकली गेली आणि बाग मोडली. १८७३ साली गणेशखिंडीत नवी वनस्पती-बाग उभी राहिली. ती अजून आहे; २०२० साली शासनाने तिला जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले.

त्या दिवशी तिथे पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. जुन्या झाडांच्या पानांवरून मात्र पाणी ठिबकतच होते. तो मघाचा मुलगा एका बुंध्याला कवेत घेऊ पाहत होता. हात पुरेनात, तेव्हा आणखी दोघे आले. मग म्हणाला, "सर, दापोडीचीपण अशीच असती की हो आता."

याच्याहून निराळे मी काय शिकवणार? पिंपरी-चिंचवडची तहान आज पवना धरण भागवते, आणि पवना येते सह्याद्रीच्या त्याच कड्यांतून, ज्यांच्या रानाची गिब्सनला काळजी होती.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या गावातही एखादी मोडलेली बाग असेल, एखादा बुजलेला आड किंवा आमराई असेल. एका रविवारी मुलांना सायकलींवर घेऊन तिकडे जा. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, झाड कोणी लावले, आड कोणी खणला. आणि जी नावे सांगितली जातील, ती त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.